किनाऱ्यावरची क्षेत्रभेट: श्रीवर्धन-हरिहरेश्वर परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीच्या भूगोल शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्याची आहेत. पद्धती मात्र डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही चालतील.

किनाऱ्यावर नेमकं काय अभ्यासायचं? ‘मानव आणि किनारा’ हा विषय फार मोठा वाटतो.

मोठा आहेच, म्हणून तो एका प्रश्नात बांधून घ्यावा लागतो. उत्तर देण्यासाठी काहीतरी मोजावं लागेल, असा प्रश्न हवा. ‘पर्यटनाचे परिणाम’ हा नुसता विषय झाला. ‘धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासमोरची पुळण (वाळूचा किनारा) आणि बंधारा नसलेली पुळण यांच्या उतारात फरक आहे का?’ हा प्रश्न झाला. ‘किनाऱ्यापासून दूर जावं तसं विहिरीच्या पाण्यातलं क्षाराचं प्रमाण कमी होतं का?’ हाही चालेल.

प्रश्न असा निवडा की त्यात दोन जागा येतील: एक माणसाचा हात लागलेली आणि एक त्या मानाने कमी लागलेली. एकाच जागेची कितीही मापं घेतली तरी त्यातून वर्णनच हाती लागतं. दोन जागा एकाच दिवशी, एकाच ओहोटीत मोजल्या तर तुलना करता येते.

हाच परिसर का?

थोड्या अंतरात बरंच काही पाहायला मिळतं म्हणून. दिवेआगरला लांब, सपाट पुळण आहे आणि तिच्या मागे सुरूचं बन, केवडा आणि नारळ-सुपारीच्या वाड्या. श्रीवर्धनला पुळणीच्या माथ्यावर पक्का बंधारा आणि फिरायचा रस्ता आहे. हरिहरेश्वरला बेसॉल्टचे कडे, तरंगघर्षित मंच (लाटांनी झिजवलेले खडकाचे सपाट ओटे) आणि खाऱ्या हवेने जाळी पडलेले खडक आहेत. त्याच्या दक्षिणेला सावित्रीचं मुख, म्हणजे बाणकोटची खाडी. तिथे चिखल, कांदळवन आणि खाडीकाठची शेती. मुंबईहून येणाऱ्यांना वाटेत पेणजवळचा खारेपाट (बांध घालून भरतीपासून राखलेली खाडीकाठची जमीन) लागतो, तोही या अभ्यासात बसतो.

आणखी एक कारण आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि या पट्ट्यातल्या वाड्या झोपवल्या. गावातल्या प्रत्येकाला ती तारीख पाठ आहे. जुन्या गोष्टींचा काळ ठरवताना तिचा फार उपयोग होतो.

कोणत्या दिवशी जावं? भरती-ओहोटीचं गणित कसं बसवायचं?

नियोजनातली सगळ्यात मोठी चूक इथे होते. बसची वेळ, जेवणाची वेळ, मुक्काम सगळं ठरतं आणि भरतीची वेळ कुणी पाहिलेलीच नसते. मग अकरा वाजता मुलं पुळणीवर उतरतात तेव्हा पाणी बंधाऱ्याला टेकलेलं असतं.

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास. हा हिशोब मुंबईच्या आसपास बसतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. ठोकताळा दिवस निवडायला वापरा. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत दूर जातं. पण पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, शाळेच्या सोयीची नसते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं मागे हटत नाही. म्हणून मधली वाट धरावी: कोणत्याही पक्षाची तृतीया किंवा चतुर्थी. ओहोटी साडेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान आणि पुळणही बऱ्यापैकी उघडी. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी काम सुरू करा आणि ओहोटीनंतर तासाभरात पाण्याजवळून वर या.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा पुळणीची वाळू खेचून उथळ समुद्रात नेतात आणि ऑक्टोबरनंतर ती हळूहळू परत येते. त्यामुळे ऑक्टोबरची पुळण आणि मार्चची पुळण यांची तुलना करून ‘वाळू वाढली’ असं लिहू नका. दरवर्षी त्याच महिन्यात, जवळपास त्याच तिथीला जा.

साहित्य काय लागतं? शाळेकडे सर्वेक्षणाची उपकरणं नाहीत.

ती लागत नाहीत. पाच जणांच्या एका गटासाठी एवढं पुरतं:

- दीड मीटर लांबीच्या दोन सरळ काठ्या (लाकडी पट्टी किंवा पीव्हीसी पाइप). वरच्या टोकाला शून्य धरून खाली दर सेंटिमीटरला खूण करा.
- काठीखाली ठेवायला १० × १० सेंमी प्लायवुडचे दोन तुकडे. ओल्या वाळूत काठी रुतते, त्यावर हाच उपाय.
- दोन मीटरची न ताणणारी दोरी, ३० मीटरची मोजटेप, एक ओळंबा.
- गवंडी वापरतात तशी १० मीटर पारदर्शक लेव्हल पाइप.
- होकायंत्र, घड्याळ, शिसपेन्सिली, जाड पुठ्ठ्याला लावलेले तक्ते. शाईचं पेन नको. खाऱ्या दमट हवेत अक्षरं फुटतात.
- पाण्यातले क्षार मोजायचा खिशातला टीडीएस मीटर, दोन-तीन स्वच्छ बाटल्या.

पुळणीचा काटछेद कसा घ्यायचा? पायऱ्या सांगा.

काटछेद म्हणजे पक्क्या खुणेपासून पाण्यापर्यंत जमीन कुठे किती उतरते-चढते ते दाखवणारी रेषा. दोन काठ्या आणि समुद्राचं क्षितिज एवढ्यावर ही पद्धत चालते. क्षितिज हीच तुमची आडवी रेषा.

सुरुवात पक्क्या खुणेपासून करा: बंधाऱ्याची पायरी, विहिरीचा कठडा, मोरीची भिंत. तिथून समुद्राकडे काटकोनात जाणारी दिशा होकायंत्राने ठरवा आणि नोंदवा. पहिली काठी खुणेवर, दुसरी दोरी ताणून दोन मीटर पुढे समुद्राच्या बाजूला. दोन्ही ओळंब्याने उभ्या करा.

आता जमिनीकडच्या काठीमागे उभं राहून वाका आणि डोळा अशा उंचीवर आणा की पुढच्या काठीचं टोक बरोबर क्षितिजाला टेकलेलं दिसेल. ती नजरेची रेषा तुमच्या काठीला जिथे छेदते तिथलं माप वाचा. समजा १४ सेंमी आलं, तर दोन मीटरमध्ये जमीन १४ सेंमी उतरली. वहीत –१४ लिहा. मग मागची काठी पुढच्या काठीच्या नेमक्या जागी आणा, पुढची आणखी दोन मीटर पुढे न्या आणि पुन्हा वाचा. असं पाण्याच्या कडेपर्यंत.

मध्ये कुठे वाळूचा उंचवटा लागला आणि पुढची जमीन चढती असली तर उलट करा: जवळच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा आणि ती रेषा पुढच्या काठीला कुठे छेदते ते वाचा. हे माप अधिक चिन्हाने लिहा. चिन्हाची गफलत झाली की आलेखावर नसलेला खड्डा उमटतो, म्हणून नोंद करणाऱ्याने प्रत्येक मापाला ‘चढ की उतार?’ असं मोठ्याने विचारावं.

उदाहरणार्थ, –१४, –११, –९ अशी तीन मापं आली, तर सहा मीटरमध्ये ३४ सेंमी उतार. प्रमाण साधारण १:१८, कोन तीन अंशांच्या थोडा वर. ऐंशी मीटरच्या रेषेला चाळीस मापं होतात आणि सराव झालेल्या गटाला पाऊण तास लागतो. सराव शाळेच्या मैदानावर आधीच करून घ्या. तिथे क्षितिज नसतं, पण भिंतीवर डोळ्याच्या उंचीची आडवी रेषा आखून काम भागतं.

मापं चुकतात कुठे?

बहुतेक वेळा काठी रुतण्यात. दोन मीटरला एक सेंटिमीटर ही चूक किरकोळ वाटते, पण चाळीस मापांत ती चाळीस सेंटिमीटर होते, कारण ती एकाच दिशेने साठत जाते. त्यानंतर तिरकी काठी आणि ढिली दोरी. दोरी धरणारा आणि काठी धरणारा एकच मुलगा असला तर दोन्ही बिघडतं.

हिवाळ्यात सकाळी धुरकट हवेत क्षितिज पुसट असतं. तेव्हा, किंवा सुरूच्या बनात समुद्र दिसत नसेल तेव्हा, लेव्हल पाइप वापरा: पाइपमध्ये पाणी भरून दोन्ही टोकं दोन काठ्यांना लावा आणि पाण्याच्या पातळीतला फरक वाचा. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर माप साफ चुकतं. भरताना एक टोक बादलीत ठेवून पाणी ओढून घ्या आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी सारखी येते का ते आधी पाहा.

हुशार विद्यार्थी विचारतात की पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज किंचित खाली दिसतं, त्याचं काय? ऐंशी मीटरमध्ये साधारण सहा-सात सेंटिमीटरचा फरक पडतो आणि उतार तेवढा कमी भरतो. सगळ्या रेषांमध्ये तो जवळपास सारखाच असतो, त्यामुळे तुलना बिघडत नाही.

पडताळणीसाठी एक रेषा खालून वर पुन्हा मोजा. एकूण उंचीत १० सेंमीपेक्षा जास्त तफावत आली तर ती रेषा बाद करून नव्याने घ्या.

काटछेद कुठे आणि किती घ्यायचे?

निदान तीन. एक बंधाऱ्याच्या मध्यासमोर, एक बंधारा संपतो तिथून १०-१५ मीटरवर, आणि एक तिथून दोन-तीनशे मीटर दूर, जिथे वाळूच्या टेकड्या आणि मर्यादवेल टिकून आहे. मधली रेषा सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच बहुतेक अहवालांत नसते. बंधाऱ्यावर आदळून परतणारी लाट समोरची वाळू ढवळते, आणि भिंतीमागे अडकलेली वाळू शेजारच्या किनाऱ्याला मिळेनाशी होते. परिणाम दिसला तर तो भिंतीच्या टोकाशी, जमीन आत खचलेली अशा रूपात दिसतो.

खूण निवडताना झाड किंवा विजेचा खांब घेऊ नका. निसर्ग वादळात दोन्ही पडले. मोबाइलच्या जीपीएसला काही मीटर चूक असते, म्हणून फक्त अक्षांश-रेखांशावर विसंबू नका. खुणेपासून दोन पक्क्या वास्तूंच्या कोपऱ्यांचं टेपने मोजलेलं अंतर लिहा आणि समुद्राकडे पाठ करून एक, तोंड करून एक असे दोन फोटो घ्या.

बंधाऱ्यासमोर पुळण अरुंद आढळली. ‘बंधाऱ्यामुळे वाळू गेली’ असं लिहिता येईल का?

एका भेटीवरून नाही. बंधारा मुळात बांधतात कुठे? जिथे जमीन आधीच खचत असते तिथे. म्हणजे बंधाऱ्यासमोरची पुळण बंधारा होण्याआधीही शेजारच्यापेक्षा अरुंद असू शकते. डॉक्टरांकडे आजारी माणसं दिसतात म्हणून डॉक्टरांमुळे आजार होतो असं आपण म्हणत नाही.

मग करायचं काय? तीन गोष्टी जोडून पाहा. एक, बंधाऱ्याच्या टोकाशी शेजारच्यापेक्षा जास्त खच आहे का. दोन, बंधारा कोणत्या वर्षी बांधला आणि त्याआधीच्या उपग्रह चित्रात वनस्पतींची कड कुठे होती. तीन, तीच रेषा पुढच्या वर्षी काय सांगते. तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर ‘बंधाऱ्याचा वाटा असावा’ असं लिहा. त्याशिवाय वाळूउपसा, नदीवरची धरणं, खाडीच्या मुखाशी सरकणारा वाळूचा दांडा ही इतर कारणं नाकारता येतात का तेही तपासा.

आणि बंधाऱ्याच्या मागे राहणाऱ्यांचं म्हणणं न ऐकता हा निष्कर्ष लिहू नका. ज्यांच्या अंगणापर्यंत पाणी येत होतं त्यांना त्या भिंतीने झोप दिली आहे. ते विधान आणि तुमचा काटछेद दोन्ही खरे असू शकतात. अहवालात दोघांना जागा हवी.

लाटा आणि प्रवाह कसे मोजायचे?

एक लाट फुटली की घड्याळ सुरू करा आणि त्यानंतरची दहावी लाट फुटली की थांबवा. दहाने भागा, आवर्तनकाळ (दोन लाटांमधला वेळ) मिळाला. तीन वेळा करून सरासरी घ्या. मिनिटाला सहा-आठ लाटा येत असतील तर त्या सहसा वाळू चढवणाऱ्या, दहाच्या वर गेल्या तर ओढून नेणाऱ्या. लाट किनाऱ्याला किती तिरकी येते तेही नोंदवा.

किनाऱ्याला समांतर वाळू कोणत्या बाजूला सरकते हे पाहायला शहाळं वापरा. त्याचं बहुतेक अंग पाण्याखाली राहतं, म्हणून वाऱ्याचा जोर कमी लागतो. रिकामी बाटली वाऱ्याबरोबर पळते आणि फसवते. घोट्याइतक्या पाण्यातून शहाळं टाका, पाच मिनिटांनी ते किनाऱ्याच्या समांतर किती मीटर सरकलं ते टेपने मोजा. दिशा ओहोटीबरोबर बदलू शकते, म्हणून वेळ लिहा. शहाळी मोजून परत आणा.

वाळूचे नमुने घ्यावेत का?

घ्या, पण मूठभर. प्रत्येक रेषेवर भरतीरेषेजवळ वरच्या दोन सेंटिमीटरमधली साधारण १०० ग्रॅम वाळू पुरते.

शाळेत आल्यावर पहिलं काम म्हणजे वाळू गोड्या पाण्याने तीनदा धुवून उन्हात पूर्ण वाळवणं. मीठ राहिलं तर पुढची सगळी वजनं चुकतात. मग रव्याच्या आणि मैद्याच्या चाळणीने तीन भाग करा आणि वजन घ्या. शिंपल्यांचा वाटा काढायचा असेल तर १० ग्रॅम वाळूवर प्रयोगशाळेतलं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल शिक्षकांनी स्वतः, चष्मा लावून ओतावं. फसफसणं थांबलं की धुवा, वाळवा, पुन्हा वजन करा. १० चे ७.२ ग्रॅम उरले तर २८ टक्के भाग शिंपल्या-शंखांचा होता. काळी वाळू असेल तर चुंबक फिरवून पाहा. बेसॉल्टमधून सुटलेले लोहखनिजाचे कण चिकटतात.

सुरूच्या बनात काय पाहायचं?

सुरू इथला मूळचा नाही, वारा आणि वाळू अडवायला लावलेला आहे. त्याच्या सुयांचा थर जाड साचतो आणि खाली दुसरं फारसं उगवत नाही. समुद्राच्या बाजूच्या रांगेतल्या झाडांची मुळं उघडी पडलेली दिसतात: खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या जागेपासून आजच्या वाळूपर्यंतची उंची मोजा. झाड लावल्यापासून वाळू निदान तेवढी खाली गेली आहे. दहा झाडं मोजा. एकाच झाडाखाली पर्यटकांनी चूल मांडून खणलेलं असू शकतं.

मग भरतीरेषेपासून आतपर्यंत दर पाच मीटरवर एक मीटरची चौकट टाका आणि किती टक्के जमीन वनस्पतींनी झाकली आहे ते लिहा. मर्यादवेल, रावणमिशी, केवडा, सुरू असा क्रम मिळाला तर तो पट्टा बऱ्यापैकी शाबूत आहे. जिथे घोडागाड्या आणि चारचाकी पुळणीवर उतरतात ती वाटही मोजा: रुंदी, खोली आणि अर्ध्या तासात गेलेली वाहनं. वाळूच्या टेकडीला पडलेली ही खिंड उधाणाच्या वेळी पाण्याला आत यायची वाट देते.

गावातल्या विहिरींचा किनाऱ्याशी काय संबंध?

फार जवळचा. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ हिशोबाने, समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. याचीच दुसरी बाजू: उपसा वाढून पातळी कायमची १० सेंमी उतरली तर खारं पाणी सुमारे चार मीटर वर सरकू शकतं. वाड्यांना शिंपण, त्यात निवासाच्या खोल्या, हिरवळ आणि पोहण्याचे तलाव अशी भर पडली की मे महिन्यात पाणी मचूळ लागतं, ते यामुळे.

किनाऱ्यापासून आत जाणाऱ्या एका रेषेवरच्या सहा-सात विहिरी निवडा. मालकांना विचारून पाणी काढा, बादली आधी त्याच पाण्याने विसळा, टीडीएस मीटरने तीनदा वाचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास. खिशातला मीटर बहुधा दहा हजारांच्या आतच थांबतो, म्हणून समुद्राचं पाणी ५० मिली घेऊन त्यात बॅटरीचं पाणी (म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी, बॅटरीतलं आम्ल नव्हे) ४५० मिली घाला आणि वाचन दहाने गुणा. प्रत्येक विहिरीची खोली, पंप आहे की रहाट आणि किती वेळ पंप चालतो, हे विचारल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

खारभूमी म्हणजे काय, आणि तिथे काय मोजता येईल?

आमच्या मते सगळ्या क्षेत्रभेटीत शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथेच आहे, आणि बसमधून उतरून चिखलात जायला नको म्हणून हेच गाळलं जातं.

खाडीकाठच्या सपाट जमिनीवर भरतीचं पाणी येऊ नये म्हणून मातीचा बांध घालतात. बांधात उघाडी असते: ओहोटीला ती आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते. दोन-तीन पावसाळे माती धुतली जाऊन मीठ कमी झालं की भात घेता येतं. एके काळी बांधांची निगा गावकरी एकत्र येऊन राखत. १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमानंतर शासकीय योजनांतल्या बांधांचं काम खारभूमी विभागाकडे आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत. शेतकऱ्यांना त्यांबद्दल विचारा.

बांध फुटतो कसा? खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपायला लागतं, उधाणाला ते बीळ रुंदावतं आणि खांड पडते. ती आठवड्या-दोन आठवड्यांत बुजवली नाही तर येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याने मोठी होत जाते. शेतात मीठ चढतं, भात जातं, आणि पाठोपाठ तिवर रुजतं. काही वर्षांत तिथे दाट कांदळवन उभं राहतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून राज्यात कांदळवन तोडायला मनाई आहे, त्यामुळे आता तो शेतकरी आपल्या सातबाऱ्यावरची ती जमीन पुन्हा लागवडीला आणू शकत नाही. कांदळवन वादळात किनारा राखतं, माशांची पिल्लं वाढवतं. शेतकऱ्याचं नुकसानही खरं आहे. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

मोजायचं असं: बांधाच्या आत चालू शेत, पडीक शेत आणि बांधाबाहेर अशा तीन ठिकाणची वरच्या १५ सेंमीतली माती घ्या. वाळवून कुटलेल्या २० ग्रॅम मातीत बॅटरीचं १०० मिली पाणी घाला, अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या, वरच्या पाण्यात मीटर बुडवा. हे आकडे आपापसांत ताडून पाहायचे. पुस्तकातल्या मर्यादांशी लावू नका, कारण तिथली पद्धत वेगळी असते. बांधाची उंची, दोन्हीकडचे उतार, दर दहा मीटरला बिळं किती हेही नोंदवा. बांधाबाहेर पाच मीटरच्या चौकटीत झाडं ओळखा: पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं तिवराची, कमानीसारखी टेकू देणारी मुळं कांदळाची. पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष आहे. गेवा नावाच्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांना घातक आहे. पानं-फांद्या तोडू नका हे आधीच बजावा.

लोकांशी बोलताना काय सांभाळायचं?

वेळ सांभाळा. होड्या लागल्यावर, मासळीचा लिलाव चालू असताना कोळणींना थांबवणं म्हणजे त्यांचा दिवसाचा धंदा अडवणं. दुपारी जाळी दुरुस्त करत बसलेली मंडळी निवांत बोलतात. दोघातिघांनीच जा, आधी आपलं नाव, शाळा, कशासाठी विचारतोय ते सांगा, ‘काका, बसू का?’ म्हणून बसा. फोटो आणि आवाज परवानगीशिवाय नको.

‘पर्यावरणाचं नुकसान होतं का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात आणि माहिती शून्य. त्याऐवजी: ‘निसर्ग वादळाआधी सुरूच्या किती रांगा होत्या?’, ‘विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात मचूळ होतं?’, ‘तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा भरती कुठवर यायची, ती जागा दाखवाल का, मावशी?’ दाखवलेल्या जागेपर्यंत टेप लावा. वर्ष आठवत नसेल तर ‘बंधारा झाला तेव्हा’, ‘थोरल्याचा जन्म झाला तेव्हा’ अशा खुणांवरून काढा. कोळी, वाडीवाले, निवास-न्याहारी चालवणारे, सुपारी सोलणाऱ्या बायका, सगळ्या थरांतले निदान बारा-पंधरा जण हवेत. फक्त हॉटेलवाल्यांशी बोललात तर किनारा पर्यटनावरच चालतो असा निष्कर्ष निघणार.

उपग्रह चित्रांवरून किनारा सरकल्याचं मोजता येतं का?

येतं, पण पाण्याची कड मोजू नका. पुळणीचा उतार १:३० आणि दोन चित्रांतल्या पाण्याच्या पातळीत तीन मीटरचा फरक असेल, तर काहीही धूप न होता पाणी ९० मीटर सरकलेलं दिसतं. वनस्पतींची कड किंवा बंधाऱ्याचा पाया घ्या. शिवाय दोन्ही चित्रांत देवळाचा एक कोपरा शोधून त्याचे अक्षांश-रेखांश ताडा. चित्रच पाच मीटर सरकलेलं असेल तर पाच मीटरची ‘धूप’ खोटी.

कासवांचा समावेश करता येईल का?

खाडीपलीकडच्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू आहे, दिवेआगर-हरिहरेश्वरलाही घरटी सापडतात. बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट जाते. कासवमित्रांशी बोला आणि घरटी भरतीरेषेपासून किती अंतरावर होती ते विचारा. घरट्याच्या कुंपणाजवळ काठ्या-टेप घेऊन जाऊ नका.

सुरक्षिततेचे नियम कोणते?

घोट्याच्या वर पाणी नाही. कुणालाही, कितीही पोहता येत असलं तरी. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, हे प्रत्येक पालकाच्या लक्षात आहे आणि शिक्षकांच्याही असायला हवं. फेसाळ लाटांच्या मधला शांत, गडद पट्टा सुरक्षित वाटतो. तिथूनच पाणी वेगाने समुद्राकडे परतत असतं.

दर दहा विद्यार्थ्यांमागे एक मोठं माणूस, आणि प्रत्येक गटाच्या मागे एकजण फक्त समुद्राकडे पाहत उभा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट पूर्ण ओहोटीलाच, स्थानिकांना विचारून. भरतीची लाट तिथे खडकावरून माणूस ओढून नेते. खाडीच्या चिखलात बांध सोडून उतरू नका. आदल्या दिवशी हवामान खात्याचा आणि इन्कॉइसचा (महासागराची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र) उंच लाटांचा इशारा पाहा. असला तर पुळणीचं काम रद्द करून विहिरी आणि मुलाखती घ्या.

परवानग्या?

शिक्षणाधिकारी कार्यालयाची मंजुरी, पालकांचं संमतिपत्र, ग्रामपंचायतीला पत्र. कांदळवनात शिरायचं असेल तर वनविभागाला आधी कळवा. एसटीची शालेय सहलीची सवलत हवी असेल तर आगारात लवकर अर्ज करा.

आमच्याकडे एकच दिवस आहे. काय गाळावं?

हरिहरेश्वर आणि वाळूचे नमुने गाळा. सकाळच्या ओहोटीत श्रीवर्धनला तीन काटछेद, जेवणानंतर विहिरींची एक रेषा आणि मुलाखती. लांबून येणाऱ्या शाळांनी आदल्या रात्री पोहोचावं. पहाटे पाचला निघालेली मुलं दहाला काठी सरळ धरू शकत नाहीत. ज्या विद्यार्थ्याला वाळूत चालणं कठीण आहे त्याच्याकडे बंधाऱ्यावर बसून लाटांची मोजणी आणि सर्व गटांच्या वेळांची नोंद द्या. हे काम बिनचूक झालं नाही तर बाकीची मापं जुळत नाहीत.

अहवाल झाल्यावर मूळ नोंदींचं काय करायचं?

त्या जपा, सुबक आलेखापेक्षा त्यांची किंमत जास्त आहे. प्रत्येक रेषेसाठी एक पान ठेवा: तारीख, तिथी, सुरू-शेवटची वेळ, खुणेचं वर्णन आणि दोन अंतरं, दिशेचे अंश, सगळी मापं चिन्हांसह, काठ्यांमधलं अंतर, नोंद करणाऱ्याचं नाव, आणि ‘इथे काठी रुतली’ अशा जागच्या टिपा. पानांचे फोटो काढून शाळेच्या संगणकावर ठेवा, मूळ पानं भूगोल विभागाच्या कपाटात. आलेख काढताना उंचीचं प्रमाण अंतराच्या दहापट घेतलं असेल तर तसं आलेखावर लिहा आणि दरवर्षी तेच प्रमाण ठेवा, म्हणजे पुढच्या तुकडीला ट्रेसिंग पेपर वर ठेवून दोन वर्षांच्या रेषा थेट ताडता येतील. एक प्रत ग्रामपंचायतीला आणि ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांना त्यांचा आकडा पोस्टाने पाठवा.